वॉशिंग मशीन कोणत्या कंपनीचं घ्यावं? आधी तपासणी, मग नाव

एलजी घ्यावं की बॉश? सॅमसंग बरं की व्हर्लपूल? घरात वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. दोन कंपन्यांमध्ये जेवढा फरक असतो, तेवढा किंवा त्याहून जास्त फरक एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये सापडतो. एकाचा टब स्क्रूने जोडलेला असतो, म्हणून आठ वर्षांनी त्याचं बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो तो भाग, बदलता येतं. दुसऱ्याचा टब कारखान्यातच वितळवून कायमचा जोडलेला असतो, आणि तेच बेअरिंग गेलं की अख्खं मशीन भंगारात. दोन्हींच्या दारावर नाव मात्र एकच.

म्हणून आधी घर बघा, मग कपडे, मग मशीनचा प्रकार, त्यानंतर आतलं यंत्र आणि सर्व्हिस. एवढ्या चाळणीतून दोन-तीन मॉडेलं उरली की त्यांच्यावरची नावं वाचा.

पायरी १: जागा, पाणी आणि वीज

फ्रंट लोड मशीन साधारण ६० सें.मी. रुंद आणि ८५ सें.मी. उंच असतं. पुढून मागेपर्यंतचं माप मात्र ४० पासून ६५ सें.मी.पर्यंत काहीही असू शकतं. कॅटलॉगमधला हा आकडा बऱ्याचदा नुसत्या पेटीचा असतो. पुढे आलेलं दार आणि मागचे पाइप त्यात धरलेले नसतात, म्हणून मागे आणखी ५ ते १० सें.मी. सोडा. टॉप लोडला झाकण उघडण्यासाठी वर ४०-५० सें.मी. मोकळी जागा लागते. मशीन आत न्यायच्या वाटेवरचा सगळ्यात अरुंद दरवाजाही मोजून ठेवा.

पाण्याचा दाब तपासायला बादली आणि घड्याळ पुरे. नळ पूर्ण उघडा. १० लिटरची बादली ७५ सेकंदांच्या आत भरली तर मिनिटाला ८ लिटर पाणी येतंय, आणि बहुतेक घरगुती मशीनना तेवढं चालतं. माहितीपुस्तिकेत किमान दाब बारमध्ये दिलेला असतो, काही मॉडेलांना ०.३ बार, काहींना ०.५ किंवा १ बार. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी नळापासून निदान ३ मीटर उंच हवं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांकडे एवढी उंची बऱ्याचदा मिळत नाही. मग मशीन पाणी भरताना मध्येच थांबतं, एरर दाखवतं, आणि मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना दोष कंपनीच्या माथी बसतो. अशा घरात कमी दाबावर चालणारं मॉडेल शोधा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा.

जड पाण्याची चाचणी पट्टीने करा. इथे एक गल्लत नेहमी होते. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, तर क्षार हीटरवर बसतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. त्यामुळे टीडीएसच्या आकड्यावरून जडपणा ठरवू नका. पट्टीवर लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर पाणी बरंच जड आहे. त्यात साबण नीट काम करत नाही, टॉवेल खरखरीत होतात, आणि गरम पाण्याचं धुणं नेहमीचं असेल तर हीटरवर पांढरा थर चढत जातो. हा थर कोणत्याही कंपनीच्या हीटरवर चढतोच. हीटरवर चांगला लेप असला तर तो सावकाश चढतो, इतकाच फरक.

वीज: पाणी गरम करणारं मशीन साधारण २००० वॉट ओढतं, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. त्याला अर्थिंग असलेला स्वतंत्र मोठा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्डवर मशीन चालवू नका.

पायरी २: किती किलोचं

मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे असतात आणि तेही फक्त कॉटन प्रोग्रामसाठी. ७ किलोच्या मशीनमध्ये सिंथेटिक प्रोग्रामवर ३ ते ३.५ किलो आणि लोकरीच्या प्रोग्रामवर २ किलोच्या आसपास कपडे टाकायचे असतात. झटपट प्रोग्रामचंही तसंच. पुस्तिकेत याचा तक्ता असतो, तो मशीन घेण्याआधी वाचा.

एका दिवसाचे मळके कपडे वजनकाट्यावर ठेवून बघणं सगळ्यात सोपं. काटा नसेल तर अंदाज असा: आंघोळीचा टॉवेल ५०० ते ७०० ग्रॅम, जीन्स ६०० ते ८००, शर्ट २०० ते २५०, टी-शर्ट १५० ते २००, डबल बेडची चादर ७०० ग्रॅम ते १ किलो. दोन टॉवेल, दोन जीन्स, चार शर्ट, चार टी-शर्ट आणि आतले कपडे मिळून ५ किलोच्या आतच बसतात. ड्रम गच्च भरला तर कपडे वरून खाली आपटत नाहीत, नुसते एकत्र फिरतात आणि मळ निघत नाही. मूठभर कपडे टाकले तर ते एका बाजूला गोळा होतात आणि स्पिनच्या, म्हणजे कपडे पिळण्याच्या, वेळी तोल जातो.

आता एक आकडा जो जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो, ड्रमचं आकारमान लिटरमध्ये. ते मशीनच्या किलोंनी भागा. ७ लिटर किंवा जास्त येत असेल तर कपड्यांना हलायला जागा आहे. ६ च्या आसपास आलं तर तोच जुना ड्रम ठेवून वरचा किलोचा आकडा वाढवलेला असण्याची शक्यता बरीच. ५४ लिटरच्या ड्रमवर ९ किलो लिहिलेलं असेल, तर मनात ते साडेसात-आठ किलोचं मशीन धरून दुसऱ्याशी तुलना करा.

पायरी ३: प्रकार

फ्रंट लोड पाणी कमी घेतं, कपडे जास्त चांगले पिळतं आणि कापड कमी झिजवतं. पण प्रोग्राम लांब असतो, कमी फेसाचा साबण लागतो, वाकावं लागतं आणि दाराचं रबर पुसत राहावं लागतं. टॉप लोड लवकर आटपतं, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो आणि सहसा कमी दाबावरही चालतं. त्यात कपड्यांना पीळ जास्त बसतो आणि पाणी जास्त लागतं. सेमी-ऑटोमॅटिक कमी पाण्यात आणि बादलीने भरूनही चालतं, बिघडलं तर कुठलाही मेकॅनिक सुधारतो. जिथे नळाला ठरावीक वेळच पाणी येतं तिथे ते आजही शहाणपणाचं आहे. कपडे मात्र स्वतः एका टबातून दुसऱ्यात टाकावे लागतात.

धुणारं आणि वाळवणारं एकत्र मशीन घेताना दोन आकडे बघा. ८ किलो धुणारं मशीन बऱ्याचदा ५ किलोच वाळवतं. पूर्ण भरून धुतलं तर अर्धे कपडे बाहेर काढूनच वाळवण सुरू करावं लागतं.

पिळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुलना इथेच चुकते. कपड्यातलं पाणी किती जोराने बाहेर फेकलं जातं हे आरपीएमबरोबरच (ड्रमचे मिनिटाला होणारे फेरे) ड्रमच्या व्यासावरही ठरतं. ४८ सें.मी. व्यासाचा ड्रम १४०० आरपीएमने फिरला तर कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५२५ पट जोर येतो. तोच १००० ने फिरला तर २७० पट. ५२ सें.मी. व्यासाचं टॉप लोड ७०० आरपीएमला १४० पटीपर्यंतच जातं. १००० आरपीएमच्या स्पिननंतर कोरड्या कपड्यांच्या वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के पाणी उरतं, १४०० नंतर ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५ किलो कपड्यांमध्ये अर्धा लिटरहून अधिक पाण्याचा फरक. दमट हवेत घरातच कपडे वाळत घालणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो. उन्हात वाळवणाऱ्याने १००० ते १२०० वर समाधान मानावं, बेअरिंगवरही ताण कमी येतो.

इको प्रोग्राम तीन तास चालतो म्हणून मशीन खराब आहे असं समजू नका. धुणं चार गोष्टींवर चालतं: साबण, घुसळण, तापमान आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. इको तापमान कमी करतं आणि वेळ वाढवतं. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला ०.७ युनिट लागतं, ४० पर्यंत त्याच्या निम्मं. ड्रम फिरवायला मोटरला त्यामानाने फारच कमी वीज लागते.

पायरी ४: मशीनच्या पोटात काय आहे

खरी निवड इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा.

फ्रंट लोडमध्ये स्टीलचा ड्रम एका प्लॅस्टिकच्या बंद टबात फिरतो. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. त्यातून निघालेला दांडा टबाच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो आणि दोन बेअरिंगवर फिरतो. टबातलं पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये फक्त रबराचा एक ऑइल सील असतो. तो झिजला की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो. सुरुवातीला स्पिनच्या वेळी बारीक घरघर येते. काही महिन्यांत तिचा आवाज विमान उडत असल्यासारखा होतो. याच वेळी सील आणि बेअरिंग बदलले तर मशीन पुन्हा काही वर्षं चालतं. तसंच रेटलं तर दांडाही झिजतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

पण बदलायचं तर टब उघडायला हवा. टबाचे दोन भाग स्क्रू किंवा क्लिपांनी जोडलेले असतील तर तो उघडतो. दोन्ही भाग वितळवून जोडलेले असतील तर सबंध टब, ड्रमसकट, नवा घ्यावा लागतो. दुकानात विक्रेत्याला हे सहसा माहीत नसतं. ओळखायची युक्ती अशी की मॉडेल नंबर टाकून सुट्या भागांची यादी इंटरनेटवर शोधा. यादीत बेअरिंग, ऑइल सील आणि टबाचं मधलं रबर वेगवेगळे मिळत असतील तर टब उघडणारा आहे. फक्त ‘टब असेंब्ली’ असा एकच भाग दिसत असेल तर तो सीलबंद समजा. यादी शोधताना मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. शेवटची दोन अक्षरं बदलली की आतला टब, बोर्ड किंवा मोटर वेगळी असू शकते.

मोटरचं कौतुक जाहिरातीत सगळ्यात जास्त असतं. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते झिजतात आणि थोडक्यात बदलून मिळतात. इन्व्हर्टर मोटरला ब्रश नसतात, आवाज कमी आणि आयुष्य जास्त. ती पट्ट्याने ड्रम फिरवत असली तरी बिघडलं काही नाही, पट्टा हा मशीनमधला सगळ्यात सोप्या दुरुस्तीचा भाग आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टाच नसतो, मोटर थेट ड्रमच्या दांड्यावर बसते. फिशर अँड पायकेलने अशी मोटर १९९१ मध्ये आणली, एलजीने १९९८ मध्ये. चांगली रचना आहे. पण बेअरिंग आणि ऑइल सील तिलाही असतात, आणि तेही तसेच झिजतात.

म्हणून ‘मोटरवर १० वर्षांची वॉरंटी’ या ओळीने भुलू नका. मोटर सहसा जातच नाही. जातात ते ड्रेन पंप, दाराचं लॉक, पाण्याचा इनलेट व्हॉल्व्ह, दाराचं रबर, शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग आणि कंट्रोल बोर्ड. बोर्ड सगळ्यात महाग पडतो. वीज वारंवार खाली-वर होणं, दमट जागा आणि आत शिरलेले उंदीर किंवा झुरळं यांमुळे तो जातो. दोन कंपन्यांत निवड अडली असेल तर मोटरऐवजी बोर्डवर आणि संपूर्ण मशीनवर कोण जास्त वर्षं वॉरंटी देतं ते बघा.

दुकानात मशीनसमोर उभे राहिलात की दार उघडा. वाहतुकीचे बोल्ट (नेताना ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले) काढलेले असतील तर ड्रम दोन्ही हातांनी खाली दाबून सोडा. तो वर येऊन जवळजवळ लगेच स्थिर व्हायला हवा, डुलत राहिला तर शॉक ॲब्सॉर्बर ढिले आहेत. ड्रमची वरची कडा धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि टब एकत्र हलले तर ठीक, ड्रम एकटाच टबात लटपटला तर नाही. दाराच्या रबराची घडी बोटाने उघडा. खालच्या बाजूला पाणी निथळायला भोकं आहेत का, घडीत फडकं फिरवता येतं का ते बघा. खालच्या कोपऱ्यातलं पंपाच्या फिल्टरचं झाकण उघडून पाहा. शेजारी पाणी काढायची छोटी रबरी नळी असेल तर पंप तुंबल्यावर सगळं पाणी जमिनीवर सांडत नाही. साबणाचा कप्पा पूर्ण बाहेर निघायला हवा, नाहीतर तो घासता येत नाही. मशीनचं वजनही वाचा. फ्रंट लोड ६० ते ८० किलोंचं असतं, आणि हा भार टबाला बांधलेल्या काँक्रीट किंवा ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांमुळे येतो. त्याच आकारात हलकं मशीन स्पिनला जास्त थरथरतं.

वाफ, मोबाइलवरून चालू करणं, कापड आपोआप ओळखणं यांचा विचार शेवटी करा. पंधरा प्रोग्रामांपैकी रोज वापरले जातात तीन किंवा चार.

पायरी ५: सर्व्हिसची चौकशी, खरेदीच्या आधी

चाळणीतून उरलेल्या प्रत्येक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि हे विचारा:

- आमच्या भागात तुमचा स्वतःचा टेक्निशियन येतो की काम बाहेरच्याला दिलेलं आहे?
- तक्रार नोंदवल्यावर किती दिवसांत भेट होते?
- या मॉडेलचा ड्रेन पंप, दाराचं रबर आणि बोर्ड आज साठ्यात आहेत का? किंमत काय?
- याचं बेअरिंग वेगळं बदलता येतं का?
- मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील?

उत्तरांइतकंच ती कशी मिळतात याकडेही लक्ष द्या. विकायच्या आधी जो फोन उचलत नाही, तो नंतर उचलेल ही आशा ठेवू नका. मग भागातल्या स्वतंत्र मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, कोणत्या मशीनचे भाग तुम्हाला लगेच मिळतात? त्याचा अनुभव एका मॉडेलपुरता नसतो, म्हणून त्याच्या उत्तराला वजन आहे. फक्त ‘कोणतं मशीन चांगलं’ असं विचारू नका, कारण त्याच्याकडे बिघडलेलीच येतात.

युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वॉशिंग मशीनचे मोटर, पंप, बेअरिंग यांसारखे ठरावीक सुटे भाग निदान १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. तुमच्या मॉडेलचं भावंड तिथे विकलं जात असेल तर त्याची भागांची यादी उपयोगी पडते. मॉडेल नंबरबरोबर ‘रिकॉल’ (दोष आढळल्याने कंपनीने मशीनं परत बोलावणं किंवा दुरुस्त करून देणं) हा शब्दही शोधा. २०१६ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीनसाठी रिकॉल जाहीर केला होता, स्पिनमध्ये तोल जाऊन वरचा भाग निखळू शकत होता म्हणून. त्यावरून त्या कंपनीची सगळी मशीनं वाईट ठरत नाहीत. जुनं मशीन घेताना मात्र ते अशा यादीत नाही ना हे पाहायलाच हवं.

पायरी ६: आता नावं

नावांमागे मालक कोण हे माहीत असलं की तुलना सोपी होते. बॉश आणि सीमेन्स या नावांची घरगुती मशीनं एकाच बीएसएच कंपनीची आहेत. ती १९६७ मध्ये दोघांनी मिळून काढली आणि २०१५ पासून पूर्ण बॉशकडे आहे. दोन्ही नावांच्या मशीनची रचना एवढी जवळची असते की दर आणि वॉरंटी यांवरच ठरवावं. एईजी आणि झानुसी ही इलेक्ट्रोलक्सची नावं. हायरने २०१२ मध्ये फिशर अँड पायकेल, २०१६ मध्ये जीईचा घरगुती उपकरणांचा व्यवसाय आणि २०१९ मध्ये कँडी घेतली. तोशिबाच्या घरगुती उपकरणांचा व्यवसाय २०१६ पासून मुख्यतः मिडियाकडे आहे. युरोपातला व्हर्लपूलचा घरगुती उपकरणांचा व्यवसाय २०२४ मध्ये बेकोच्या नव्या कंपनीत गेला. म्हणजे ‘व्हर्लपूल’ हे एकच नाव युरोपात आणि अमेरिकेत वेगवेगळ्या व्यवस्थापनाखाली विकलं जातं. परदेशातल्या ग्राहकाचं मत वाचून इथलं मशीन ठरवू नका असं म्हणायचं ते यासाठीच.

मीले आपली मशीनं २० वर्षांच्या वापराच्या हिशोबाने तपासते असं कंपनी सांगते, आणि बऱ्याच मॉडेलांत बाहेरचा टबही स्टीलचा असतो. पण सर्व्हिस सेंटर जवळ नसेल तर तेवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. स्पीड क्वीनची टॉप लोड मशीनं साधी आणि दणकट, पाणी मात्र भरपूर घेतात. एलजी, सॅमसंग, बॉश, हायर, बेको, इलेक्ट्रोलक्स या मोठ्या नावांमध्ये कोणी एक सरसकट पुढे आहे असं आम्हाला वाटत नाही. वरच्या तपासण्यांत जे मॉडेल टिकलं आणि ज्याचा टेक्निशियन तुमच्या दारी येतो, ते घ्या. दोन मॉडेलं अगदी बरोबरीत आली तर टब उघडणारं निवडा, आणि तिथेही बरोबरी असेल तर स्पिनचा आवाज कमी असणारं. ७० आणि ८० डेसिबलमधला फरक कानाला दुप्पट वाटतो.

पायरी ७: मशीन घरी आल्यावर

पहिलं काम, मागचे तीन-चार वाहतुकीचे बोल्ट काढणं. ते तसेच ठेवून स्पिन लावला तर मशीन घरभर नाचतं आणि पहिल्याच दिवशी आतल्या भागांचं नुकसान होऊ शकतं. बोल्ट टाकू नका, घर बदलताना पुन्हा लागतात. मग ड्रम रिकामा असताना पातळी लावून चारही पाय समान करा आणि पायांचे नट वर घट्ट आवळा. कोपऱ्यांवर तिरकं दाबलं तर मशीन जराही हलता कामा नये. सांडपाण्याचा पाइप पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर, सहसा जमिनीपासून ६० ते १०० सें.मी.वर, अडकवा. तो खाली पडलेला असेल तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

पहिली फेरी कपड्यांशिवाय, थोडा साबण टाकून ६० अंशांवर चालवा. ती चालू असताना इनलेटचा सांधा आणि मशीनखालची जमीन कोरड्या कागदाने तपासा. दुसऱ्या फेरीत टॉवेल आणि चादरी टाकून पूर्ण वेगाचा स्पिन ऐका. एकसारखा घोंघावणारा आवाज ठीक, टकटक किंवा घासल्याचा आवाज आला तर त्याच दिवशी व्हिडिओ काढून तक्रार नोंदवा. बिलाचा आणि दाराच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटोही तेव्हाच काढून ठेवा. वर्षभराच्या ओलाव्याने पट्टीवरची अक्षरं पुसट होतात आणि सुटे भाग मागवताना नेमकी तीच लागतात.